संगणक बदलताना दप्तराचा कार्यभार

कर्मचारी बदलतात, इमारती बदलतात; दप्तर मात्र अखंड राहिले पाहिजे, हा प्रशासनाचा जुना दंडक आहे. दप्तर रुमालात बांधून फडताळात ठेवले जात असे, त्या काळीही बदली झालेला कर्मचारी नव्या माणसाकडे कार्यभार सोपविताना एकेक नोंदवही काढून दाखवीत असे. यादीतील प्रत्येक बाबीपुढे खूण होई, उभयतांच्या स्वाक्षऱ्या होत आणि त्यानंतरच जाणारा कार्यमुक्त होई. आज ग्रामपंचायती, शाळा आणि तालुका कार्यालये यांच्या दप्तराचा मोठा भाग संगणकात आहे. संगणक हे यंत्र असल्यामुळे ते जुने होते, मंदावते आणि काही वर्षांनी बदलावे लागते. मात्र नवा संगणक आल्यावर जुन्यातील दप्तर त्यात नेण्याचे काम पुष्कळदा घाईने, यादीवाचून आणि मोजदादीवाचून उरकले जाते.

याचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी एखादा ग्रामस्थ जुन्या पत्राची प्रत मागावयास येतो, मुख्याध्यापकांना मागील वर्षीचे निकालपत्रक हवे असते किंवा लेखापरीक्षक स्कॅन करून ठेवलेले प्रमाणक पाहू इच्छितात. शोध सुरू होतो, आणि तोपर्यंत जुना संगणक निर्लेखित होऊन कार्यालयाबाहेर गेलेला असतो. अशा वेळी नुकसान होते ते नागरिकाच्या पुराव्याचे. ते टाळावयाचे असेल तर संगणक बदलण्याच्या कामाकडे कार्यभार हस्तांतरणाच्या दृष्टीनेच पाहिले पाहिजे. यादी, मोजणी, पडताळणी आणि मगच कार्यमुक्ती, हा क्रम येथेही तंतोतंत लागू पडतो.

बदलाचे निमित्त

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे एकाच वेळी उभा राहिला आहे. विंडोज ७ या कार्यप्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. तो पूर्वीप्रमाणेच चालत राहतो. परंतु सुरक्षेतील नव्या उणिवा दूर करणाऱ्या दुरुस्त्या त्याला नेहमीप्रमाणे मिळत नाहीत. विंडोज ११ साठी ठरावीक सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे अनेक जुन्या यंत्रांवर ही कार्यप्रणाली रीतसर बसविता येत नाही. साहजिकच नवा संगणक घेणे भाग पडते.

पूर्वी या कामासाठी कार्यप्रणालीतच एक सोय असे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये फाइल्स व सेटिंग्ज एका संगणकातून दुसऱ्यात नेणारा मार्गदर्शक कार्यक्रम होता. पुढे विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ मध्ये तो ‘इझी ट्रान्सफर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये मात्र तो वगळण्यात आला. त्यानंतर आलेला ‘विंडोज बॅकअप’ हा कार्यक्रम मुख्यत्वे इंटरनेटवरील साठवणीच्या आधारे काम करतो आणि तेथे विनामूल्य मिळणारी जागा ५ जीबी इतकीच असते. स्कॅन केलेल्या नोंदवह्या व छायाचित्रे असलेल्या कार्यालयास ती क्वचितच पुरते. म्हणून हे हस्तांतरण कसे करावे, याची माहिती कार्यालयातील किमान एका व्यक्तीस तरी असणे इष्ट ठरेल.

संगणकात नेमके काय असते

हलविण्याच्या दृष्टीने संगणकातील सामग्रीचे चार भाग पडतात आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे.

पहिला भाग फाइल्सचा. पत्रे, तक्ते, ठराव, स्कॅन केलेली कागदपत्रे, छायाचित्रे ही सर्व यात येतात. यांची नक्कल करता येते आणि ती मूळ फाइलइतकीच पूर्ण असते.

दुसरा भाग सेटिंग्जचा. मराठी कळफलक, दिनांक लिहिण्याची पद्धत, प्रिंटर व कागदाचा आकार, ब्राउझरमधील जतन केलेले दुवे या गोष्टी यात मोडतात. त्यांपैकी काही नेता येतात, तर काही नव्याने कराव्या लागतात.

तिसरा भाग सॉफ्टवेअरचा. ते केवळ फोल्डरची नक्कल करून हलत नाही. सॉफ्टवेअर बसविताना त्याच्या नोंदी कार्यप्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, केल्या जातात. ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर जसेच्या तसे उचलून नव्या संगणकात ठेवले, तरी त्या नोंदी सोबत येत नाहीत आणि बहुतेक सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. ते मूळ प्रतीवरून नव्याने बसवावे लागते आणि त्यासाठी परवाना क्रमांक हाताशी असावा लागतो.

चौथा भाग ओळखीचा. निरनिराळ्या शासकीय प्रणालींचे वापरकर्ता-नाव, पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरी यांचा यात समावेश होतो. हा भाग सर्वांत नाजूक आहे.

यांखेरीज जे संगणकात नसतेच, तेही ओळखून घेतले पाहिजे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली ई-ग्रामस्वराज प्रणाली किंवा शाळांसाठीची यूडायस प्लस प्रणाली यांवर भरलेली माहिती केंद्रीय सर्व्हरवर साठविली जाते. नव्या संगणकावर ब्राउझर उघडून प्रवेश केला की ती दिसते. परंतु ती माहिती भरण्यापूर्वी तयार केलेले कच्चे तक्ते, उतरवून घेतलेले अहवाल आणि अपलोड केलेल्या कागदांच्या मूळ स्कॅन प्रती जुन्या संगणकातच असतात. “आमचे सर्व काम ऑनलाइन आहे” असे म्हणणाऱ्या कार्यालयातही हलविण्याजोगे बरेच काही असते.

प्रथम यादी, मग नक्कल

नव्या संगणकाचे खोके उघडण्यापूर्वी जुन्या संगणकासमोर बसून यादी करावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स व पिक्चर्स ही चार ठिकाणे सर्वांना ठाऊक असतात. परंतु आपल्याकडील कार्यालयांत सी ड्राइव्ह भरला की डी किंवा ई ड्राइव्हवर फोल्डर करण्याची प्रथा आहे. तेव्हा प्रत्येक ड्राइव्ह उघडून पाहावा. एकाच संगणकावर दोन-तीन कर्मचाऱ्यांची स्वतंत्र खाती असतील, तर प्रत्येक खात्याचे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स निराळे असतात. एका खात्यातून प्रवेश करून केलेली नक्कल दुसऱ्याच्या फाइल्स घेईलच असे नाही.

ई-मेल ब्राउझरमधून पाहिले जात असेल, तर ते सर्व्हरवरच असते व हलविण्याची गरज नसते. आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या कार्यक्रमात ते उतरवून घेतले जात असेल, तर जुना पत्रव्यवहार संगणकातील एखाद्या फाइलीत असू शकतो आणि ती फाइल अनेकदा सहज न दिसणाऱ्या फोल्डरात असते. लेखाविषयक सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. त्याची माहिती त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असते आणि ती हलविण्याची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे त्याच सॉफ्टवेअरमधील ‘बॅकअप’ व ‘रिस्टोअर’ या सोयी वापरणे ही होय.

इंटरनेटवरील साठवण वापरात असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी. वनड्राइव्हमधील काही फाइल्सच्या नावापुढे ढगाचे चिन्ह दिसते. त्या फाइली यादीत दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात संगणकावर उतरलेल्या नसतात. त्या आधी उतरवून घ्याव्यात किंवा नव्या संगणकावर त्याच खात्यातून प्रवेश करून त्या मिळतात याची खात्री करावी.

प्रत्येक मुख्य फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्यास त्यातील फाइल्सची संख्या व एकूण आकारमान दिसते. हे दोन्ही आकडे यादीत लिहून ठेवावेत. पुढे पडताळणीचा सर्व भार या आकड्यांवर असतो.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयाला एक अडचण अधिकची असते. नव्या संगणकावर पाच-दहा वर्षांपूर्वीचे पत्र उघडावे आणि मराठी अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसावी, हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. फाइल बिघडली, असा समज होऊन ती टाकूनही दिली जाते. वस्तुतः ती शाबूत असते.

याचे कारण जुन्या फॉन्टच्या रचनेत आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराला स्वतःचा असा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसविलेली असे. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये ‘ग्राम’ हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात एक्स, झेड, के आणि ई ही चार इंग्रजी अक्षरेच साठविली जातात. कृतिदेव फॉन्ट हजर असेपर्यंत ती ‘ग्राम’ अशी दिसतात. फॉन्ट नसला की त्यांचे मूळ रूप उघडे पडते. इतर युनिकोडपूर्व मराठी फॉन्टचीही तऱ्हा हीच असून प्रत्येकाची अक्षरजुळणी निराळी असते.

युनिकोडमध्ये ही उसनवारी नाही. तेथे देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि तो जगातील कोणत्याही युनिकोड फॉन्टमध्ये ‘क’च राहतो. म्हणूनच मंगल फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले पत्र निर्मला फॉन्टमध्येही वाचता येते. केवळ फार जुन्या संगणकांवर ‘ॲ’ या अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसतो, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले.

यावरून करावयाची कामे स्पष्ट होतात. जुना संगणक चालू असतानाच त्यावर कोणकोणते मराठी फॉन्ट आहेत याची नोंद घ्यावी. ते परवान्याचे असतील, तर नव्या संगणकावर रीतसर बसविण्याची व्यवस्था करावी. महत्त्वाची जुनी पत्रे, ठराव व दाखले यांची जुन्या संगणकावरच पीडीएफ प्रत काढून ठेवावी; पीडीएफमध्ये सामान्यतः फॉन्ट अंतर्भूत होत असल्याने ती कोठेही वाचता येते. त्यानंतर वारंवार लागणारा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारख्या ठिकाणी ती चुकू शकतात. मालमत्ताधारकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या नावांची यादी असेल, तर रूपांतरानंतर ती मूळ प्रतीशी एकेक नाव ताडून पाहिल्यावाचून वापरात आणू नये. नावातील एका अक्षराची चूक त्या कुटुंबास पुढे अनेक खेटे घालावयास लावते. मूळ फाइलही नष्ट न करता जपून ठेवावी.

नेण्याचे मार्ग

छोट्या कार्यालयासाठी सर्वांत सोपा मार्ग बाह्य हार्ड डिस्कचा आहे. जुन्या संगणकातून डिस्कवर आणि डिस्कवरून नव्या संगणकात, असे हे काम दोन टप्प्यांत होते. याचा एक लाभ असा की, डिस्कवरील प्रत पुढेही राखीव प्रत म्हणून जवळ राहते.

या मार्गात वेळेचा अंदाज असावा. जुन्या संगणकातील यूएसबी २.० जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३० एमबी माहिती जाते. १०० जीबी सामग्रीस या हिशेबाने तासभर लागतो आणि हजारो लहान फाइल्स असतील तर अधिकच. कार्यालय बंद होण्याच्या वेळी हे काम सुरू करणे योग्य नव्हे. वीज जाण्याची शक्यता लक्षात घेऊन संगणक यूपीएसवर असावा. ‘कट’ करून ‘पेस्ट’ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नेहमी ‘कॉपी’च करावी, म्हणजे मध्येच अडथळा आला तरी मूळ फाइल जागेवर राहते.

पेन ड्राइव्ह वापरताना दोन अडचणी येतात. अनेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. ग्रामसभेच्या दीर्घ चित्रीकरणाची फाइल येथेच अडते. दुसरी अडचण विषाणूची. पेन ड्राइव्हवरील फोल्डर्स एकाएकी नाहीशी होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसू लागणे, हे एका नेहमीच्या विषाणूचे लक्षण आहे. फोल्डर्स बहुधा लपविलेली असतात, गेलेली नसतात. तेव्हा पेन ड्राइव्ह घाईने फॉरमॅट करू नये आणि त्या शॉर्टकटवर क्लिकही करू नये. नक्कल करण्यापूर्वी जुना संगणक व नक्कल झाल्यावर ती डिस्क विषाणूविरोधी सॉफ्टवेअरने तपासून घेणे आवश्यक आहे. अन्यथा दप्तराबरोबर रोगही नव्या घरात जातो.

फोल्डरात फोल्डर अशा अनेक पायऱ्या असतील आणि त्यांची नावे लांबलचक असतील, तर काही फाइल्स नक्कल होण्यास नकार देतात. विंडोजमध्ये फाइलच्या संपूर्ण मार्गाची लांबी सर्वसाधारणपणे २६० अक्षरांपर्यंतच चालते, हे त्याचे कारण होय. वरच्या फोल्डरचे नाव लहान केले की अडचण दूर होते. अशा सूचनेवर ‘स्किप’ हे बटण दाबून पुढे गेल्यास ती फाइल मागे राहते, हे ध्यानात ठेवावे.

जेथे दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर आहेत, तेथे फोल्डर सामाईक करून थेट नक्कल करता येते. अनेक संगणक असलेल्या मोठ्या कार्यालयांतील तंत्रज्ञांसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘यूजर स्टेट मायग्रेशन टूल’ उपलब्ध आहे. ते वापरकर्त्याच्या फाइल्स व बरीचशी सेटिंग्ज एकत्र उचलते. ॲपलच्या संगणकांत याच कामासाठी ‘मायग्रेशन असिस्टंट’ असतो. लिनक्सवर वापरकर्त्याच्या फाइल्स व त्याची बहुतेक वैयक्तिक सेटिंग्ज ‘होम’ या एकाच फोल्डरात राहतात, त्यामुळे तेथे हे काम पुष्कळ सुटसुटीत होते.

सेटिंग्ज : लहान बाब, मोठा परिणाम

नव्या संगणकात फाइल्स आल्या म्हणजे काम संपले असे नाही. नवे यंत्र पुष्कळदा अमेरिकेच्या पद्धतीवर ठेवलेले असते. अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात. अशा संगणकावर तक्त्यात ०३/०४ असे भरले, तर तो ३ एप्रिलऐवजी ४ मार्च समजतो. तक्त्यात तेरा तारखेपासून पुढच्या तारखा त्याला महिना म्हणून पटत नाहीत आणि त्या तो साध्या मजकुरासारख्या ठेवतो. एकाच रकान्यात काही तारखा उलटलेल्या आणि काही गणनेस निरुपयोगी, अशी स्थिती होते. जन्मतारखांच्या यादीत याचे परिणाम किती गंभीर होतील, हे सांगावयास नको. तेव्हा कोणताही तक्ता भरण्यापूर्वी ‘रिजन’ या सेटिंगमध्ये भारत निवडावा. त्यामुळे दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने येतात आणि रकमेचे आकडे लाख-कोटीच्या पद्धतीने विभागून दिसतात.

कळफलकाची निवड टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला विचारून करावी. इन्स्क्रिप्टवर हात बसलेल्यास ध्वन्यनुसारी कळफलक निरुपयोगी वाटतो आणि उलटही तितकेच खरे आहे. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत मराठीसाठी दोन्ही प्रकार उपलब्ध आहेत.

प्रिंटरसाठी त्याचा ड्राइव्हर नव्याने बसवावा लागतो. प्रिंटर फार जुना असल्यास नव्या कार्यप्रणालीसाठी ड्राइव्हर मिळतो की नाही, हे जुना संगणक हलविण्यापूर्वीच पाहावे. त्यानंतर कागदाचा आकार ‘ए-४’ आहे की अमेरिकेतील ‘लेटर’, तेही पाहावे. दाखल्यावरील शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाण्याचे कारण अनेकदा एवढेच असते. ब्राउझरमधील जतन केलेले दुवे ‘एक्स्पोर्ट’ करून एका फाइलीत घेता येतात व नव्या ब्राउझरमध्ये ‘इम्पोर्ट’ करता येतात.

पासवर्ड आणि डिजिटल स्वाक्षरी

ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड नव्या संगणकात आणण्यासाठी अनेकदा कोणीतरी आपल्या वैयक्तिक ई-मेल खात्यातून ब्राउझरमध्ये प्रवेश करतो. सोय होते खरी. पण कार्यालयाचे सर्व पासवर्ड त्या व्यक्तीच्या खाजगी खात्यात जातात आणि बदलीनंतरही तेथेच राहतात. ही पद्धत सर्वथा टाळली पाहिजे. पासवर्डची फाइल काढून नेणेही धोक्याचे आहे, कारण त्या फाइलीत ते उघड्या अक्षरांत असतात. ती वापरलीच, तर काम होताच दोन्ही संगणकांवरून व डिस्कवरून काढून टाकावी. संगणक बदलाच्या निमित्ताने महत्त्वाचे पासवर्ड बदलून घेणे हा उत्तम मार्ग होय. मात्र जुना पासवर्ड विसरलेला असेल व नोंदणीकृत भ्रमणध्वनी क्रमांक पूर्वीच्या कर्मचाऱ्याचा असेल, तर नव्या संगणकावर प्रवेशच मिळत नाही. यास्तव जुना संगणक चालू असतानाच प्रत्येक प्रणालीतील नोंदणीकृत क्रमांक व ई-मेल तपासून अद्ययावत करावेत.

डिजिटल स्वाक्षरी सामान्यतः यूएसबी टोकनमध्ये असते. स्वाक्षरीची गुप्त कळ टोकनमध्येच राहते, ती संगणकात नक्कल होत नाही; म्हणून नव्या संगणकावर केवळ टोकनचा ड्राइव्हर व संबंधित प्रणालीने सांगितलेले स्वाक्षरीचे साहाय्यक सॉफ्टवेअर बसवावे लागते. ही चाचणी देयके सादर करण्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ठेवू नये. टोकन आणि त्याचा पिन ज्याच्या नावे स्वाक्षरी आहे त्याच्याच ताब्यात असावा. संगणक बसविण्यास आलेल्या तंत्रज्ञाकडे तो सोपविणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे होय.

नव्या संगणकांबाबत आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. त्यांतील अनेकांत डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवण्याची सोय सुरू असते. काही बिघाड झाल्यास ती माहिती उघडण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक लागतो. तो क्रमांक पहिल्याच दिवशी मिळवून, कागदावर लिहून कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा. हा क्रमांक हरवला, तर कुशल तंत्रज्ञासही माहिती परत मिळविता येत नाही.

पडताळणी आणि कार्यमुक्ती

नक्कल पूर्ण झाल्यावर यादी पुन्हा हाती घ्यावी. प्रत्येक फोल्डरची फाइल-संख्या व आकारमान नव्या संगणकावर पाहून जुन्या आकड्यांशी ताडावे. ‘साइज’ व ‘साइज ऑन डिस्क’ असे दोन आकडे दिसतात. त्यांपैकी पहिला जुळला पाहिजे. दुसरा डिस्कच्या रचनेनुसार बदलू शकतो. त्यानंतर नमुन्यादाखल काही फाइल्स उघडाव्यात. सर्वांत जुने मराठी पत्र, सर्वांत मोठा तक्ता, एखादी स्कॅन केलेली नोंदवही आणि लेखा सॉफ्टवेअरमधील मागील वर्षाची शिल्लक, एवढे पाहिले तरी बहुतेक दोष उघडकीस येतात. एक दाखला छापून व एक कागद डिजिटल स्वाक्षरीने स्वाक्षरित करूनही पाहावा.

एवढे झाल्यावरही जुन्या संगणकाला लगेच निरोप देऊ नये. किमान एक महिनाअखेर नव्या संगणकावर सुरळीत पार पडेपर्यंत तो तसाच ठेवावा. संगणक बदल आर्थिक वर्षाच्या शेवटी झाला असेल, तर वार्षिक लेखे पूर्ण होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर. नेहमी न लागणाऱ्या फाइलीची आठवण अशाच वेळी होते. या काळात जुन्या संगणकावर नवे काम मात्र करू नये, अन्यथा एकाच तक्त्याच्या दोन आवृत्त्या तयार होतात आणि खरी कोणती, हे ठरविणे कठीण जाते.

जुन्या संगणकातील माहिती पुसण्यापूर्वी कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये सार्वजनिक अभिलेख वाटेल तेव्हा वाटेल तसे नष्ट करता येत नाहीत, आणि संगणकातील अभिलेख हाही अभिलेखच आहे. सर्व दप्तर नव्या संगणकात व एका राखीव डिस्कवर आल्याची लेखी नोंद झाल्यावर आणि सक्षम अधिकाऱ्याची अनुमती मिळाल्यावरच जुनी डिस्क पुसावी. ती पुसलीही पाहिजे. कारण ‘डिलीट’ केलेली फाइल कचरापेटीत जाते आणि कचरापेटी रिकामी केल्यावरही साध्या साधनांनी ती परत मिळविता येऊ शकते. ग्रामस्थांचे आधार क्रमांक, बँक खाती व विद्यार्थ्यांची माहिती असलेली डिस्क भंगारात जाणे हा त्यांच्या विश्वासाचा भंग होय. विंडोजमधील ‘रिसेट’ करताना सर्व काही काढून टाकण्याचा व ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा. संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून घेऊन ती नष्ट करावी.

त्यानंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीत निर्लेखनाची नोंद घेऊन यंत्राची विल्हेवाट लावावी. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे.

एका पानाची नोंद

या सर्व कामाची एक पानी नोंद कार्यालयात ठेवावी. हस्तांतरणाचा दिनांक, दोन्ही संगणकांचे अनुक्रमांक, फोल्डरनिहाय फाइल-संख्या, बसविलेले सॉफ्टवेअर व फॉन्ट, राखीव डिस्क कोठे ठेवली आहे तो तपशील, आणि काम करणाऱ्याची व पडताळणी करणाऱ्याची स्वाक्षरी एवढे त्यात असले म्हणजे पुरे. पासवर्ड या पानावर लिहू नयेत. काम करणारी व पडताळणी करणारी व्यक्ती शक्यतो एकच नसावी. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी व संगणक परिचालक, शाळेत मुख्याध्यापक व एखादे शिक्षक यांना हे सहज करता येईल.

पुढील संगणक बदल पाच-सहा वर्षांनी येईल. त्या वेळी खुर्चीवर कदाचित दुसरीच व्यक्ती असेल आणि आजचे फोल्डर कोणी, कसे लावले होते, हे सांगणारे कोणी नसेल. हे एक पान तिच्या हाती पडले, तर तिचे काम सोपे होईल आणि तोवर गावाचे दप्तर अखंड राहिलेले असेल.